वजन उतरवण्यासाठी जीवनसत्त्वे आणि पूरके: डबा विकत घेण्यापूर्वी काय तपासावे

वजन कमी करायचे ठरले की पहिली खरेदी बहुधा चालण्याच्या बुटांची होते आणि दुसरी एखाद्या डब्याची. मेडिकलच्या काउंटरवर, व्यायामशाळेच्या कपाटात किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत दिसणारा हा डबा कधी मल्टिव्हिटॅमिनचा असतो, कधी ग्रीन टीच्या अर्काचा, तर कधी ‘फॅट बर्नर’ असे ठळक अक्षरांत लिहिलेल्या कॅप्सूलांचा. त्यावर हजार-दोन हजार रुपये घालवण्यापूर्वी एवढे पक्के लक्षात घ्यावे की कोणतेही जीवनसत्त्व शरीरातली चरबी वितळवत नाही, आणि इतर पूरकांपैकी ज्यांचा काही परिणाम दिसला आहे त्यांचाही परिणाम फार थोडा आहे. मात्र म्हणून सरसकट सगळ्या गोळ्या बंद कराव्यात असेही नाही, कारण वजन जास्त असलेल्या किंवा ते घटवत असलेल्या काही जणांना जीवनसत्त्वांची खरी गरज असते. ही गरज कोणती आणि जाहिरातीने निर्माण केलेली गरज कोणती, हे कसे ओळखावे ते पुढे दिले आहे.

आधी कमतरता तपासून घ्यावी

अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या रासायनिक क्रियांमध्ये ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे मदतनिसाचे काम करतात. यावरूनच ‘चयापचय वाढवणारी गोळी’ ही कल्पना बाजारात आली. परंतु मदतनीस पुरेसे असताना आणखी आणून उभे केले म्हणून काम वाढत नाही. आमटीत मीठ कमी असेल तर ती अळणी लागते, पण बेताचे मीठ असलेल्या आमटीत आणखी मूठभर टाकल्याने ती अधिक रुचकर होत नाही. जीवनसत्त्वांचेही तसेच आहे. कमतरता असेल तर ती भरून काढल्याने थकवा जातो, चालणे आणि व्यायाम करणे जमू लागते आणि त्यामुळे वजनावर आडवळणाने चांगला परिणाम होऊ शकतो. कमतरता नसेल तर गोळीने वजनात काही फरक पडत नाही.

म्हणून डब्यापूर्वी रक्ततपासणीचा विचार करावा आणि कोणत्या तपासण्या हव्यात हे डॉक्टरांना विचारावे. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडचे काम मंदावले की रक्तात वाढणारे संप्रेरक) यांचा विचार सहसा होतो. शाकाहारी व्यक्तींमध्ये ब-१२ ची कमतरता आपल्याकडे नेहमी आढळते, कारण हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्येही ब-१२ कमी होऊ शकते. अशा वेळी ब-१२ अवश्य घ्यावे, मात्र ते नसांसाठी आणि रक्तासाठी आहे, पोटाच्या घेरासाठी नाही, हे मनात स्पष्ट असू द्यावे.

ड जीवनसत्त्वाबाबत गैरसमज अधिक आहे. स्थूल व्यक्तींच्या रक्तात ते कमी आढळते हे खरे, परंतु ते चरबीत विरघळणारे जीवनसत्त्व असल्याने शरीरातील मोठ्या मेदसाठ्यात विखुरले जाते, आणि रक्तातली पातळी कमी दिसण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. ड कमी म्हणून वजन वाढले, असा त्याचा उलटा अर्थ लावता येत नाही. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पात रजोनिवृत्तीनंतरच्या ३६,२८२ स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० एकके ड जीवनसत्त्व देण्यात आले, तर उरलेल्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली. सुमारे सात वर्षांनंतर दोन्ही गटांच्या वजनातला सरासरी फरक ०.१३ किलो होता. म्हणजे एका लहान वाटीभर पाण्याइतका!

ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल आपल्याकडे सर्रास मिळते. ती साधारणतः आठवड्यातून एकदा आणि काही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोजची गोळी समजून घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. चिठ्ठीवरील ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द औषध देणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावेत, आणि घरातली वडीलधारी माणसे ती घेत असतील तर त्यांच्यासाठी एक वार ठरवून द्यावा.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी. सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या थायरॉक्सिनबरोबरच कॅल्शियम, लोह किंवा ही खनिजे असलेले मल्टिव्हिटॅमिन घेतले तर थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. त्यामुळे टीएसएच वाढते, आळस वाढतो आणि वजनही हलेनासे होते. म्हणजे वजन कमी व्हावे म्हणून सुरू केलेली गोळीच त्याच्या आड येते. या दोन्हींमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे. केस आणि त्वचेसाठीच्या गोळ्यांमधील बायोटिन तर अधिकच फसवे आहे, कारण त्याच्या मोठ्या मात्रेमुळे काही प्रयोगशाळांत थायरॉइडच्या तपासणीचे आकडेच चुकीचे येऊ शकतात. अशी गोळी चालू असल्यास रक्त देण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगावे आणि ती किती दिवस थांबवायची हे विचारावे.

डब्याची मागची बाजू वाचावी

डब्याची पुढची बाजू जाहिरातीची असते आणि मागची बाजू कायद्याची, त्यामुळे वाचन मागून सुरू करावे. भारतात अशी पूरके औषध म्हणून नव्हे, तर अन्न म्हणून विकली जातात आणि ती अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजेच ‘एफएसएसएआय’च्या, नियमावलीखाली येतात. त्यानुसार लेबलवर ते ‘हेल्थ सप्लिमेंट’ असल्याचा उल्लेख, ते औषधी वापरासाठी नसल्याची सूचना आणि सांगितलेल्या दैनंदिन मात्रेपेक्षा अधिक न घेण्याचा इशारा असावा लागतो. पुढच्या बाजूला ‘३० दिवसांत १० किलो’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असा मजकूर एकाच डब्यावर दिसला, तर त्यातले कोणते वाक्य खरे मानायचे हे सांगण्याची गरज नसावी.

एफएसएसएआयचा परवाना क्रमांक चौदा आकडी असतो. तो प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर टाकून पाहावा, म्हणजे परवाना कोणाच्या नावाचा आहे आणि चालू आहे की नाही हे कळते. मात्र हा क्रमांक म्हणजे त्या डब्याने वजन उतरते याची शासकीय हमी नव्हे. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांना औषधविषयक कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, म्हणून त्यांच्यावर तो क्रमांक शोधावा. ‘आक्षेपार्ह जाहिरातीं’विषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात ज्या विकारांवर औषधांची जाहिरात करण्यास मनाई आहे त्यांमध्ये स्थूलताही आहे. पूरके ‘अन्न’ या सदरात गेल्याने त्या कायद्याच्या कक्षेतून निसटतात, परंतु २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

त्यानंतर घटकांची यादी पाहावी. प्रत्येक घटकापुढे मिलिग्रॅममध्ये मात्रा लिहिलेली नसेल आणि दहा-बारा वनस्पतींचे एकत्रित ‘मिश्रण’ एवढेच म्हटले असेल, तर तो डबा परत ठेवावा. मात्राच माहीत नसेल तर परिणामाचा आणि धोक्याचाही अंदाज बांधता येत नाही.

यादीत नेहमी दिसणारी नावे

गार्सिनिया कंबोजिया हे नाव परदेशी वाटले तरी ती आपल्या कोकमाची सख्खी बहीण आहे. केरळात माशांच्या आमटीत जी कुडंपुळी घालतात तीच ही. दोघींच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते आणि वजन कमी करण्याचा सारा दावा त्यावर उभा आहे. ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३५ जणांना बारा आठवडे कमी उष्मांकांचा आहार देण्यात आला. त्यांपैकी एका गटाला हे आम्ल रोज १,५०० मिलिग्रॅम दिले गेले. त्या गटाचे वजन सरासरी ३.२ किलोने उतरले आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटाचे ४.१ किलोने. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता, परंतु वजन कशाने उतरले हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते. या अर्काच्या कॅप्सूलांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. सोलकढी पिणाऱ्यांनी मात्र घाबरू नये, कारण स्वयंपाकातली आमसुले आणि दाट केलेला अर्क यांच्या मात्रेत मोठे अंतर आहे.

ग्रीन कॉफीची कथा तर थेट बेंगळुरूशी जोडलेली आहे. तेथे अवघ्या सोळा जणांवर केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या जोरावर या अर्काची अमेरिकेत प्रचंड विक्री झाली. पुढे अमेरिकेतील फसव्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यातील आकडेवारीत गंभीर दोष असल्याचे दाखवले, अर्क विकणाऱ्या कंपनीने ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले आणि २०१४ मध्ये लेखकांनी तो शोधनिबंध मागे घेतला. ‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द दिसले की किती लोकांवर, किती आठवडे आणि कोणाच्या पैशाने, असे तीन प्रश्न विचारण्याची सवय या प्रकरणाने लावायला हवी.

ग्रीन टी प्यायला हरकत नाही, पण तिच्या दाट अर्काच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये म्हटले की पूरकांतून ग्रीन टीतील ईजीसीजी हा घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक गेल्यास यकृतावर ताण पडल्याची लक्षणे रक्तात दिसू शकतात. क्रोमियम या खनिजाच्या चाचण्यांत सरासरी एक किलोच्या आसपास फरक दिसला, पण पुरावा कच्चा आहे. ग्लुकोमॅनन किंवा इसबगोल यांसारखे तंतू पोट भरल्याची भावना देतात, आणि या साऱ्या यादीत त्यांना मी त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणेन. मात्र ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यावेत, कारण कोरडे गिळल्यास घशात फुगून अडकतात, आणि इतर औषधांपासून काही तास दूर ठेवावेत. ‘स्लिमिंग चहा’मध्ये सोनामुखी असेल तर दोन दिवसांत काटा खाली येतो तो जुलाबातून गेलेल्या पाण्यामुळे. चरबी जागच्या जागीच राहते, आणि हा प्रकार लांबला तर पोटॅशियमही कमी होते.

लेबलवर न लिहिलेले घटक हा सर्वांत मोठा धोका आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळयुक्त म्हणून नोंदवलेल्या ७७६ पूरकांपैकी सुमारे ४१ टक्के वजन घटवण्याची होती, आणि त्यांत सर्वाधिक सापडलेले द्रव्य सिब्युट्रामीन हे भूक मारणारे औषध होते. हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे हे औषध २०१० मध्ये अमेरिका व युरोपातून मागे घेतले गेले आणि २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. त्यामुळे एखाद्या ‘पूर्ण नैसर्गिक’ कॅप्सूलने भूक अचानक मेली, छातीत धडधड सुरू झाली आणि झोप उडाली, तर ‘गोळी लागू पडली’ असे न समजता ती त्याच दिवशी थांबवावी.

प्रोटीन पावडर हे अन्नच आहे. एका मापात सुमारे १२० कॅलरी असतात. दोन पोळ्यांऐवजी घेतली तर बेरीज जमते, पण पोळी-भाजीनंतर दुधात घालून घेतली तर वजन वाढेल.

खरी गरज केव्हा असते

ऑर्लिस्टॅट हे वजन घटवण्याचे औषध अन्नातील सुमारे तीस टक्के मेद शोषला जाऊ देत नाही, परंतु त्याबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही निसटतात. म्हणून ते घेणाऱ्यांना मल्टिव्हिटॅमिन सांगितले जाते, आणि ते औषधापासून किमान दोन तास दूर, शक्यतो झोपताना घ्यावे. वजनासाठी जठर-आतड्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांना जीवनसत्त्वे आयुष्यभर घ्यावी लागतात आणि त्यांनी ती स्वतःहून कधीही सोडू नयेत. अतिशय कमी उष्मांकांचा आहार घेणाऱ्यांना, तसेच सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधांच्या इंजेक्शनांमुळे जेवण खूपच घटलेल्यांना पोषण कमी पडू शकते. त्यांनी पूरकांविषयी आपल्या डॉक्टरांकडे स्वतः विषय काढावा. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर के जीवनसत्त्व असलेले काहीही न विचारता सुरू करू नये. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी ‘फॅट बर्नर’ प्रकारातले काहीच घेऊ नये.

डबा आधीच घरात आला असेल तर त्यातील सर्व घटक एका कागदावर लिहून, चालू औषधांच्या यादीसह डॉक्टरांना दाखवावेत. गोळी, नवा आहार आणि व्यायाम एकाच दिवशी सुरू करू नये, कारण मग श्रेय कोणाचे हे कधीच कळत नाही. लघवी गडद पिवळी होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे यांपैकी काही जाणवल्यास गोळी बंद करून लगेच दवाखान्यात जावे. जाताना डबा बरोबर न्यावा आणि उरलेल्या कॅप्सूलही फेकू नयेत, कारण तपासणी झाली तर ती त्यांचीच होईल. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते, आणि खोट्या दाव्याबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. त्यासाठी खरेदीची पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.