ड्रॉ क्लेम करताना आधी हात आवरा

बुद्धिबळात क्लब लेव्हलला लोक ओपनिंगच्या लाईन्स (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करण्यात जीव काढतात आणि मग हातातला ड्रॉ (बरोबरी) निव्वळ घाईपायी घालवतात.

समजा तुम्ही पांढरे, एक हत्ती कमी आहे पण वजीर शहावर शह देतोय. वजीर जी६ शह, समोरचा राजा एच८ (ही पटावरच्या घरांची नावं), वजीर एच६ शह, राजा परत जी८. असं दोनदा झालं, आता वजीर परत जी६ वर गेला की तीच पोझिशन तिसऱ्यांदा येणार, म्हणजे ड्रॉ क्लेम करता येतो, हक्काने मागता येतो. इथे बरेच जण वजीर उचलून ठेवतात, घड्याळ दाबतात आणि मग म्हणतात, ड्रॉ झाला ना? नाही झाला! आता क्लेमचा हक्क समोरच्याचा, आणि तो जिंकायला बसलाय, तो कशाला करेल.

करायचं असं की वजिराला हात न लावता ती चाल फक्त स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि आर्बिटरला, म्हणजे पंचाला, बोलवून सांगायचं. एरवी खेळायच्या आधी चाल लिहिणं चालत नाही, इथे मात्र तसंच करायचं असतं, पण एकदा लिहिली की बदलता येत नाही.

पोझिशन लागोपाठच तीनदा यायला पाहिजे असं काही नाही, मधे दुसऱ्या चाली झाल्या तरी चालतं, फक्त दरवेळी चाल त्याच खेळाडूची हवी आणि कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) वगैरेचे हक्कही तेच हवेत (हे शेवटचं सगळे विसरतात). क्लेम चुकला तर समोरच्याला २ मिनिटं जास्त मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते. एक मात्र आहे, क्लेम म्हणजे ड्रॉची ऑफरही धरली जाते, त्यामुळे चुकला तरी समोरचा हो म्हणू शकतो.

५० चालींच्या नियमालाही (प्याद्याची चाल आणि मारामारी नसताना दोघांच्या ५०-५० चाली झाल्या की ड्रॉ क्लेम करता येतो) हीच पद्धत. तीच पोझिशन ५ वेळा आली किंवा प्याद्याची चाल आणि मारामारी नसताना दोघांच्या ७५-७५ चाली झाल्या तर क्लेम लागतच नाही, ड्रॉच.

नुसती ऑफर द्यायची असेल तर क्रम उलटा, आधी चाल खेळा, मग ऑफर द्या, मग घड्याळ दाबा. समोरचा विचार करत असताना "ड्रॉ? ड्रॉ?" करत बसू नका, आर्बिटर दंड करू शकतो.