अपग्रेडनंतर लॅपटॉप स्लो झाला? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून लोक विंडोज ११ वर जातायत, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर एकच वाक्य येतं, "भाऊ, अकरा टाकलं अन् लॅपटॉप लय स्लो झाला. फॉरमॅट मारून द्या." मी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडतो. समोरच्याला वाटतं मी वेळ घालवतोय. पण लॅपटॉप डिस्कपाशी अडकलाय, मेमरीपाशी (रॅम) की प्रोसेसरपाशी, हे तिथेच कळतं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि तिन्हींपैकी एकाचाही पहिला उपाय फॉरमॅट नाही.

पहिल्याच दिवशी फॉरमॅट

या चुकीनं लोकांचं जितकं नुकसान होताना पाहिलं, तितकं व्हायरसनंही होताना पाहिलं नाही.

अपग्रेड संपून डेस्कटॉप दिसला म्हणजे काम संपलं, असं नसतं. विंडोज मागे सर्चसाठी सगळ्या फाइलींची यादी नव्यानं बनवत असतं, डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, तपासणी करत असतो, ड्रायव्हर आणि ॲप उतरत असतात. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि प्रोसेसर मात्र निवांत असतो. हे चित्र पहिल्या एक-दोन दिवसांत दिसलं तर घाबरू नका. चार्जर लावा, इंटरनेट चालू ठेवा, झाकण उघडं ठेवा, स्लीप बंद करा आणि रात्रभर सोडून द्या. बॅटरीवर सर्चचं काम विंडोज मुद्दाम हळू करतं, म्हणून चार्जर लागतोच. गावात रात्री लाईन जाते. लॅपटॉप बॅटरीवर तगतो पण राऊटर बंद पडतो. मग एका रात्रीऐवजी दोन रात्री द्या.

झरीकडच्या एका सेवा केंद्राच्या दादानं हे केलं नाही. जुलैचा शेवटचा आठवडा, पीकविम्याची गर्दी, आणि त्यानं आदल्या रात्री अपग्रेड लावलं. सकाळी दारात शेतकऱ्यांची रांग आणि लॅपटॉप जागचा हलेना. "चालू कराले गेलो तं चहा पिऊन होते जी," असं तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, आज दुसऱ्या मशीनवर काम कर, याला हात लावू नको. त्यानं दुपारपर्यंत सहा वेळा रिस्टार्ट केला. दर वेळी मागचं काम अर्ध्यावर तुटत गेलं. संध्याकाळी ओळखीतला एक पोरगा पेनड्राईव्ह घेऊन आला आणि विंडोज नव्यानं टाकून गेला. "डी ड्राईव्हला काही होत नाही," असं सांगून त्यानं इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे सी, डी असे भाग, उडवली. डी मध्ये तीन वर्षांचे स्कॅन होते. सातबारे, पासबुकं, आधार, लोकांचे फोटो.

ती डिस्क माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर नवं विंडोज लिहिलं गेलं होतं. रिकव्हरीत बरेच फोटो निघाले, पण फाइलींची नावं गेलेली. कोणता सातबारा कोणाचा, हे एकेक उघडून पाहावं लागलं. शेतीची कामं सोडून माणसांना तीच कागदं घेऊन परत यावं लागलं. एक रात्र थांबला असता तर यातलं काहीच झालं नसतं, याची मला आजही चीड येते. म्हणून माझी सवय पक्की आहे: गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी डेटाची कॉपी दुसऱ्या डिस्कवर गेल्याशिवाय मी इन्स्टॉल सुरू करत नाही. ज्याला थांबायचं नाही, त्याला मी लॅपटॉप परत देतो. आणि सीझनच्या आठवड्यात अपग्रेड लावूच नका.

जागा हवी म्हणून विंडोज डॉट ओल्ड उडवणं

त्या फोल्डरमध्ये तुमचं जुनं विंडोज असतं. सेटिंग, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेनं दहा दिवसांपर्यंत जुन्या विंडोजवर परत जाता येतं, ते याच्याच जोरावर. दहा दिवसांनंतर विंडोज ते स्वतःच काढतं. तोवर जागा हवी असेल तर डाउनलोडमधले जुने व्हिडिओ काढा. सी ड्राईव्हवर वीसेक जीबी मोकळी असावी.

सगळा दोष विंडोजवर टाकणं

हा माझ्या भागातला खास आजार. एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याच्या) ऑफिसातला लॅपटॉप अपग्रेडनंतर दहा मिनिटं बरा चालायचा, मग बसायचा. माझ्याआधी दोन जणांनी दोनदा फॉरमॅट मारला होता. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शांत, मेमरी अर्धी रिकामी, पण प्रोसेसरचा वेग ०.८ गिगाहर्ट्झवर चिकटलेला. खालचं झाकण उघडलं तर पंख्याच्या तोंडाशी, हीट सिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांवर, रुईचा गादीसारखा घट्ट थर, आणि त्यात कोळशाची काळी धूळ बसलेली. वणीत एका बाजूला खाणी आणि दुसऱ्या बाजूला कापूस, त्यामुळे हे मिश्रण मला नवीन नाही. हवा बाहेर पडायला वाटच नव्हती. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. जुन्या विंडोजवर हलक्या कामात हे झाकलं जायचं. अपग्रेडनंतर मागे चालणाऱ्या कामांनी प्रोसेसर सतत तापला आणि दुखणं वर आलं.

थर काढला, प्रोसेसरची उष्णता हीट सिंककडे नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली, आणि तोच लॅपटॉप त्याच विंडोजवर नीट चालला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा. हवेनं भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या आसपास काम करणाऱ्यांनी दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या आधी एकदा सफाई करून घ्यावी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तुंबलेल्या पंख्याचा लॅपटॉप टिकत नाही. गादीवर ठेवून तर तो चालवूच नये.

वेग चिकटलेला आहे पण लॅपटॉप गार आहे, असं असेल तर चार्जर पाहा. बाजारातला स्वस्त चार्जर काही लॅपटॉप ओळखत नाहीत, आणि ओळख पटली नाही की मुद्दाम वेग दाबून ठेवतात. खात्री करायची सोपी रीत म्हणजे चार्जर काढून बॅटरीवर चालवा. वेग वाढला तर दोषी सापडला.

बूस्टर, क्लीनर आणि क्रॅक (फुकटात चालवलेलं चोरीचं सॉफ्टवेअर)

टाकू नका. स्लो लॅपटॉपवर आणखी एक सतत चालणारं सॉफ्टवेअर टाकून तो फास्ट कसा होईल? दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. व्हिडिओ पाहून विंडोजच्या सर्व्हिस (मागे चालणारी कामं) बंद करणाऱ्यांना माझी विनंती आहे: काय बंद केलं ते वहीत लिहून ठेवा. महिन्यानं प्रिंटर चालत नाही म्हणून तुम्हीच येता, आणि कारण तुम्हालाच आठवत नसतं.

शट डाऊनला रिस्टार्ट समजणं

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली अप टाइम (विंडोज किती वेळ सलग चालू आहे) पाहा, रोज बंद करणाऱ्यांकडेही तिथे वीस-वीस दिवस दिसतात. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट करा. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीतली नको ती ॲप तेव्हाच बंद करून टाका.

व्हिडिओ अडखळतो म्हणून रॅम वाढवणं

आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेसमोर 'बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलंय का पाहा. असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला नाही. मॉडेल नंबर टाकून लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

न झेपणाऱ्या मशीनवर जबरदस्ती

विंडोज ११ ला, प्रोसेसर इंटेलचा असेल तर, साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो, आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. चार जीबी रॅमवर ते चालतं असं कागदावर आहे. ब्राउझर उघडला की काय होतं ते मी रोज पाहतो. आठ जीबी धरूनच चाला. जुन्या मशीनवर तपासणी चुकवून अकरा टाकून देणारे पुष्कळ आहेत, मी देत नाही. अशा मशीनला विंडोज १० वर ठेवून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

मशीन पात्र आहे, दोन रात्री दिल्या, पंखा साफ आहे आणि तरीही डिस्क १०० टक्केच, तर फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क) बसवा. रॅमचा पैसा आधी इथे लावा. फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक वेगवेगळ्या जागा वाचते, एसएसडी हजारोंनी वाचते. विंडोज सुरू होताना असंच सगळीकडून थोडं थोडं वाचायचं असतं. मी जुन्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी एसएसडीवर करतो आणि जुनी डिस्क चिठ्ठी लावून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. ती महिनाभर कपाटात ठेवा. लगेच पुसून तिच्यात सिनेमे भरू नका.