गळका नळ, चोंदलेला शॉवर आणि बादलीतलं जीवामृत

बाथरूममधला जुना फिरकीचा नळ कितीबी पिळला तरी टपटपतोय म्हणजे बहुतेक आतला वायसर (वॉशर, पाणी अडवणारी रबराची चकती) गेलाय, नळ नाही. अख्खा नळ बदलायच्या भानगडीत पडू नका, वायसर अगदी किरकोळ पैशात मिळतो.

आधी टाकीचा कॉक बंद करायचा आणि नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्यायचं. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, कारण स्क्रू पडतो तो नेमका तिथंच. मूठ काढली की खाली नट दिसतो, त्याला कापड गुंडाळून मग पाना लावा, नाहीतर चकाकी खरवडली म्हणून घरचे बोलणार. स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा, बाहेर आलं की टोकाला झिजलेलं रबर दिसेल, ते खिशात घालून कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी बाजारात जायचं आणि दुकानदाराला तेच दाखवायचं, मापं तोंडी सांगत बसू नका. बसवायच्या आधी आत बोट फिरवून बघा, जिथं वायसर टेकतो तिथं खड्डे लागले तर नवा वायसरबी टिकणार नाही, मग मात्र नळच बदला. आणि स्पिंडल परत बसवताना ते उघड्या बाजूला फिरवलेलं पाहिजे, बंद ठेवून नट आवळला तर नवं रबर पहिल्याच दिवशी चेंगरतं. अर्ध्या फेरीत उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतोच, तिथं आतलं कार्ट्रिज, म्हणजे उघड-बंद करणारा अख्खा भागच, बदलायचं, ते पण जुनं दाखवूनच आणा. पाणी भिंतीच्या जोडातून झिरपत असेल तर गोष्ट वेगळी, नळ काढून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, आट्यांचं तोंड आपल्याकडं धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. उलटी गुंडाळली की नळ फिरवताना सगळी टेप गोळा होऊन बाहेर येते.

बोअरचं पाणी असलं की शॉवरची भोकं पांढऱ्या क्षारानं बुजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढरं व्हिनेगर घ्या, शॉवरचं तोंड त्यात बुडेल अशी पिशवी वर रबरानं बांधा, तासाभरानं जुन्या टूथब्रशनं घासा. झालं. रात्रभर ठेवू नका, वरचा मुलामा जातो. जुन्या घरात खाली शहाबादी असते, तिच्यावर व्हिनेगर सांडलं तर लगेच पाणी ओता, शहाबादी म्हणजे चुनखडीच, आंबट लागलं की डाग पडतो. आणि व्हिनेगरसोबत ब्लीचिंग किंवा ब्लीच असलेलं क्लीनर अजिबात वापरायचं नाही, विषारी वायू होतो.

आता गच्चीवरची झाडं. रंगाची रिकामी २० लिटरची बादली कुंडी म्हणून झकास, पण भोकं तळाला पाडाच आणि तळापासून इंचभर वर बाजूलाबी चार पाडा, शिवाय दोन विटांवर ठेवा. आपल्याकडं जुलैचा पाऊस लागला की सूर्य दिसत नाही, तेव्हा झाडं पाण्याअभावी नाही, पाण्यानं मरतात. नुसती काळी माती भरू नका, ती पावसात चिखल आणि उन्हात दगड. लाल माती आणि कुजलेलं शेणखत निम्मं निम्मं घ्या, वर उसाचं पाचट अंथरा, गावाकडं कुणाला सांगितलं तर फुकट देईल.

खतासाठी दुसऱ्या बादलीत जीवामृत करा. शेतातलं २०० लिटरचं प्रमाण आहे, त्याचा दहावा भाग: २० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून घ्या, क्लोरीन उडून जाऊ दे, नाहीतर जे जंतू वाढवायचे तेच मरतील. गूळ चहाचा पिवळाधमक नको, काळपट बघा, स्वस्तबी पडतो. सावलीत, वर फडकं बांधून दोन-तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, झाकण गच्च लावू नका. मग एक मग जीवामृतात दहा मग पाणी घालून मुळाशी ओता, आठवड्याभरात संपवा. वास येतो हो, शेजाऱ्यांच्या खिडकीखाली ठेवू नका.