सहकाऱ्याशी खटका उडाल्यावर तो कसा मिटवावा

रोज सात-आठ तास एकत्र काम करणाऱ्या माणसांत कधी ना कधी खटका उडतोच. तो मिटवण्याची सुरुवात संयमाने करावी लागते, म्हणजे रागाच्या भरात काहीही लिहून पाठवू नये. लिहिताना आपल्या मनात असलेला सूर वाचणाऱ्याला तसाच ऐकू येईल असे आपण गृहीत धरतो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र ईमेल लिहिणाऱ्यांचा हा भरवसा प्रत्यक्षापेक्षा जास्त असल्याचे दिसून आले. वरिष्ठांना प्रत पाठवून जाब विचारणे तर कटाक्षाने टाळावे.

त्यानंतर एका कागदावर नेमके काय घडले ते लिहावे आणि आपण त्याचा काय अर्थ लावला, ते त्याखाली वेगळे लिहावे. दुसऱ्याच्या चुकीचे खापर त्याच्या स्वभावावर फोडायचे आणि स्वतःच्या चुकीसाठी परिस्थितीकडे बोट दाखवायचे, अशी आपली प्रवृत्ती असते. दर महिन्याचा तक्ता उशिरा देणाऱ्या एका सहकाऱ्याला मी कित्येक दिवस मनातल्या मनात बेफिकीर ठरवले होते. त्यांच्याच हाती आकडे आदल्या संध्याकाळी पडतात, हे मला विचारल्यावर कळले. ते आधीच विचारले नाही, याची खंत मला आजही वाटते.

प्रत्यक्ष बोलताना वेळ मागून घ्यावी आणि तिसऱ्या माणसाच्या देखत विषय काढू नये. पहिले वाक्य मात्र आधी ठरवून ठेवावे, कारण पुढचे सारे संभाषण बहुधा त्यावरच अवलंबून असते. “तुम्ही नेहमीच उशीर करता” असे म्हटले की समोरची व्यक्ती उशीर न झालेले दिवस मोजून दाखवू लागते. त्याऐवजी “मंगळवारी यायचा तक्ता बुधवारी संध्याकाळी मिळाला आणि मला बेरजा तपासायला अर्धा तासच उरला, तुमच्याकडे काही अडचण आली होती का?” असे विचारावे. मग थांबावे. उत्तर यायला वेळ लागला, तरी ती शांतता आपण होऊन भरून काढू नये. आपलीही चूक असेल, तर ती “पण” न जोडता कबूल करावी.

शेवटी पुढच्या वेळेपुरती एखादी छोटी, ठरावीक व्यवस्था लावावी, उदाहरणार्थ उशीर होणार असेल तर दुपारपर्यंत कळवणे. झालेले बोलणे इतरांच्या कानावर घालू नये.

छळ, धमकी किंवा भेदभाव हा मात्र खटका नव्हे. तेथे एकट्याने समेट करायला जाऊ नये. घटना तारीखवार नोंदवून संस्थेच्या तक्रार यंत्रणेकडेच जावे.

साध्या खटक्यात दुसऱ्या दिवशी कामाची एखादी शंका घेऊन आपण होऊन त्या सहकाऱ्याकडे जावे आणि कालचा विषय पुन्हा काढू नये.