बिलाच्या पानाचे १२ सेकंद कुठे जात होते

आमच्याकडच्या एका दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, आणि ते ज्या वेब पानावर निघतं त्याचा कोड मी सांभाळते. १, ११ आणि २१ तारखेला सकाळी सचिवांचा फोन ठरलेला: “ताई, नुसतं चाक फिरतंय.” बाहेर उत्पादक पैशांसाठी ताटकळलेले.

पान हळू झालं की सर्व्हर लहान पडतोय, नेट गेलंय, फोटो जड आहेत असे अंदाज सुरू होतात. कळकळीने सांगते, अंदाजावर कोडची एक ओळही बदलू नका. आधी मोजा.

क्रोममध्ये एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि पान पुन्हा लोड करा. पानाच्या स्वतःच्या रिक्वेस्टवर (ब्राउझरने सर्व्हरकडे केलेल्या मागणीवर) क्लिक करून टायमिंग बघा. माझ्या १२ सेकंदांपैकी ११ ‘वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स’मध्ये, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात, जात होते. म्हणजे फोटो, जावास्क्रिप्ट यांना हात लावायची गरजच नव्हती. तुमच्याकडे हा आकडा लहान असेल, तर परफॉर्मन्स टॅबकडे वळा.

माझ्या लॅपटॉपवर मात्र हेच पान झटकन उघडायचं, कारण तिथे पाचच उत्पादक होते. संस्थेत १८०. म्हणून नावं आणि खाते क्रमांक बदलून खऱ्या डेटाची प्रत घेतली. चाचणी खऱ्या आकाराच्या डेटावरच करा.

मग पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग (ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची, नोंद) पाहिला, तर कोरा! मर्यादा १ सेकंदाची होती आणि एकही क्वेरी तिच्या जवळपास जात नव्हती. इथे बरेच जण डेटाबेसला निर्दोष ठरवून पुढे जातात. तसं करू नका. प्रत्येक क्वेरी किती वेळा चालली आणि किती वेळ लागला हे मोजणारं पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन चालू करा (त्यासाठी डेटाबेस एकदा रीस्टार्ट करावा लागतो) आणि एकेका क्वेरीच्या वेळेऐवजी एकूण वेळेनुसार यादी लावा. सगळ्यात वर एक साधी क्वेरी आली: सरासरी ६० मिलिसेकंद, पण दर बिलाला १८० वेळा. कोडमधल्या लूपमध्ये प्रत्येक उत्पादकासाठी वेगळी क्वेरी जात होती. १८० गुणिले ६०, झाले जवळपास ११ सेकंद.

दहा दिवसांचं सगळ्यांचं संकलन एकाच क्वेरीत आणलं. डेटाबेस क्वेरी कशी चालवतो हे दाखवणारं ‘एक्स्प्लेन ॲनलाइझ’ तिला लावलं तर सिक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल वाचणं, दिसलं: ३,६०० ओळींसाठी ५ लाख ओळी चाळल्या जात होत्या. तारखेवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी, हव्या त्या ओळी पटकन शोधून देणारी रचना) नव्हता. तो ‘कॉनकरंटली’, म्हणजे टेबलातल्या नोंदी न थांबवता, लावला, नाहीतर संध्याकाळच्या दुधाच्या नोंदी अडकल्या असत्या. एक जपा: ‘एक्स्प्लेन ॲनलाइझ’ क्वेरी खरोखर चालवतं. अपडेट किंवा डिलीट तपासायचं असेल तर ट्रान्झॅक्शन उघडून शेवटी रोलबॅक करा, म्हणजे झालेला बदल मागे घेतला जाईल.

दोन्ही बदल मी एकदम केले नाहीत. क्वेरी एक केल्यावर पान १२ सेकंदांवरून सव्वा सेकंदावर आलं. इंडेक्सनंतर त्यात डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही. तरी तो ठेवला, कारण त्या टेबलात रोज ३६० ओळी वाढतात.