राज्यव्यापी लठ्ठपणा-नियंत्रण मोहीम : या चुका टाळा

मोहिमेचे उद्घाटन होते. आरोग्य, शिक्षण, क्रीडा, नगरविकास, कृषी, वाहतूक अशा खात्यांचे अधिकारी, स्वयंसेवी संस्था आणि डॉक्टरांच्या संघटना एका व्यासपीठावर येतात, निरोगी राज्याचा संकल्प सोडतात आणि वर्षभराने विचारणा झाली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. यात कोणाच्या मनात खोट असते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील सुमारे २५० कोटी प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर होते आणि त्यांपैकी ८९ कोटींना लठ्ठपणा होता. इतक्या मोठ्या प्रश्नाला एक खाते पुरे पडणार नाही, हे सर्वांना मान्यच असते. अडचण येते ती एकत्र येण्याच्या पद्धतीत, आणि बहुतेक ठिकाणी त्याच त्या चुका पुन्हा होतात.

‘सर्व संबंधित’ या शब्दांत काम अडकते

आपल्या राज्याची मोहीम रुतली आहे का, हे पाहायचे असेल तर समन्वय समितीच्या मागील तीन बैठकांची इतिवृत्ते काढून त्यांतील ‘कार्यवाही’ हा रकाना वाचावा. तिथे पदनामाऐवजी ‘सर्व संबंधित’ असे लिहिलेले असेल, तर तो मुद्दा पुढच्या बैठकीतही जसाच्या तसा येणार, हे धरून चालावे. आरोग्य खात्याच्या ताब्यात ना पदपथ असतात, ना शाळांची उपाहारगृहे, ना कर लावण्याचे अधिकार. तरीही मोहिमेचा सगळा भार त्याच खात्यावर टाकला जातो आणि ते खाते आपल्या हाती जे आहे तेवढेच, म्हणजे भित्तिपत्रके आणि शिबिरे, करत राहते. म्हणून प्रत्येक कामापुढे एकच पदनाम, निधीचा शीर्ष आणि तारीख असावी. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय शिक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात आणि शाळेकडे जाणारा सुरक्षित पदपथ बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. दहा कामांची अशी यादी शंभर कलमांच्या आराखड्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

आकडा कुठून आला, हे न विचारणे

दुसरी चूक मोजमापाची आहे आणि ती उशिरा लक्षात येते. अमेरिकेत प्रौढांच्या लठ्ठपणाचे राज्यनिहाय आकडे प्रामुख्याने दूरध्वनीवरील सर्वेक्षणातून मिळतात. त्यात लोक आपली उंची आणि वजन स्वतः सांगतात. माणूस उंची थोडी वाढवून आणि वजन थोडे कमी करून सांगतो, त्यामुळे खरा आकडा सांगितलेल्यापेक्षा जास्त असतो. शिवाय २०११ मध्ये त्या सर्वेक्षणात मोबाइलधारकांचा समावेश झाला आणि नमुन्याचे आकडे लोकसंख्येच्या प्रमाणात बसवण्याची पद्धतही बदलली. म्हणून त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करू नये, असे तेथील रोग नियंत्रण केंद्रांनीच सांगितले आहे. हे ज्याला ठाऊक नाही तो अधिकारी आपल्या राज्यात लठ्ठपणा एकदम वाढला असे समजून चांगली चाललेली योजना बंद करू शकतो.

शरीर-वस्तुमान निर्देशांकाच्या, म्हणजे बीएमआयच्या, बाबतीतही असाच घोटाळा होतो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो आणि प्रौढांसाठी २५ (जादा वजन) व ३० (लठ्ठपणा) या मर्यादा सर्वत्र वापरल्या जातात. आशियाई वंशाच्या लोकांत मात्र मधुमेह आणि हृदयरोगाची जोखीम याआधीच वाढू लागते, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे टप्पे सुचवलेले आहेत. मुलांसाठी तर वय आणि लिंगानुसार वेगळे तक्तेच लागतात. एकच मर्यादा सरसकट लावल्यास धोक्यात असलेली माणसे मोजणीतून निसटतात.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो मोहिमेच्या आधी करावा लागतो. लहान का होईना, प्रत्यक्ष वजन-उंची घेतलेला प्रातिनिधिक नमुना निवडावा, पायाभूत नोंद करावी आणि पुढे दरवेळी तीच पद्धत व तोच ऋतू पाळावा. लोकसंख्येचे सरासरी वजन वर्षभरात हलत नाही, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वर्षांत वजनाऐवजी शीतपेयांची विक्री, चालत शाळेत येणाऱ्या मुलांचे प्रमाण, पिण्याच्या पाण्याची सोय झालेल्या शाळा अशा मधल्या खुणा मोजाव्यात. ‘एका वर्षात दहा टक्के घट’ असे उद्दिष्ट जाहीर करणे म्हणजे अपयशाची तारीख आधीच ठरवून ठेवणे होय.

मुलांना वजनकाट्यावर उभे करण्यापूर्वी

मला सर्वाधिक काळजी वाटते ती या चुकीची. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याने २००३ मध्ये कायदा करून सरकारी शाळांतील सर्व विद्यार्थ्यांचा बीएमआय मोजण्याचे आणि त्याचा गोपनीय अहवाल पालकांना पाठवण्याचे ठरवले. त्याच कायद्याने प्राथमिक शाळांतील खाद्यपेयांची विक्रीयंत्रे मुलांना वापरण्यास बंद केली आणि सल्लागार समितीही नेमली. पण अनेक राज्यांनी त्यातून उचलले ते फक्त वजनाचे पत्र. पुढे कॅलिफोर्नियात ७९ शाळांमध्ये या पत्राची यादृच्छिक चाचणी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तुलना, झाली. पालकांना अहवाल पाठवल्याने मुलांच्या वजनात फरक पडला नाही. उलट शाळेत ज्यांचे वजन केले गेले त्या मुलांमध्ये स्वतःच्या वजनाविषयीची नाराजी वाढलेली आढळली.

शाळेतले दृश्य डोळ्यांसमोर आणा. वर्गाबाहेर रांग लागलेली, काटा सर्वांना दिसेल असा मधोमध ठेवलेला, एक जण आकडा मोठ्याने पुकारतो आहे आणि दुसरा वहीत लिहितो आहे. नऊ वर्षांची एक मुलगी काट्यावर चढण्यापूर्वी पायातले मोजेसुद्धा काढते, कारण तेवढ्याने आकडा कमी होईल असे तिला वाटते. तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलांना तो आकडा महिनाभर पाठ राहतो.

मोजणी करायचीच असेल तर ती पडद्याआड, एकेका मुलाची व्हावी. काट्याचा दर्शक फक्त आरोग्य कर्मचाऱ्याला दिसावा, आकडा उच्चारला जाऊ नये आणि वर्गातील मुलांना मदतनीस म्हणून उभे करू नये. नकार देण्याची मुभा पालकांना असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अहवाल हाती पडल्यावर ज्यांच्याकडे जाता येईल असे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ जवळपास नसतील, तर अहवाल पाठवूच नये. पुढे वाट न दाखवणारे पत्र घरात फक्त अपराधीपणा आणते.

जाहिरातींचेही तेच. २०११ मध्ये जॉर्जिया राज्यात लठ्ठपणा असलेल्या मुलांच्या कृष्णधवल छायाचित्रांवर इशारा छापलेले फलक लागले आणि त्यांतून कलंकच वाढतो, अशी टीका आरोग्य क्षेत्रातून झाली. लाज वाटली की माणूस चालायला बाहेर पडत नाही, डॉक्टरांकडेही जात नाही. ‘लठ्ठ मूल’ न म्हणता ‘लठ्ठपणा असलेले मूल’ म्हणावे. हा बदल क्षुल्लक वाटला तरी मोहिमेचा सूर त्यानेच ठरतो.

उपदेश भरपूर, सोय कुठेच नाही

‘पाणी प्या’ असे भित्तिपत्रक लावलेल्या शाळेतील नळ पाहावा. तो बहुधा स्वच्छतागृहाशेजारी असतो, धार बारीक असते आणि पेला नसतो; उपाहारगृहात मात्र गोड पेय हाताशी असते. न्यूयॉर्क शहरातील शाळांनी याच ठिकाणी बदल केला. जेवणाच्या रांगेजवळ थंड पाण्याची मोठी पारदर्शक टाकी ठेवली. दांडी दाबली की पेला पटकन भरतो. बाराशेहून अधिक शाळांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अशा टाक्या बसलेल्या शाळांत मुलांच्या बीएमआयमध्ये लहानशी, पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस घट दिसली. घट लहान होती हे खरे, पण त्यासाठी एकाही मुलाला वेगळे काढावे लागले नाही, म्हणून मला ती मोलाची वाटते.

किमतीचा परिणामही असाच मुकाट्याने होतो. मेक्सिकोने २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि पहिल्या वर्षी त्यांची खरेदी अपेक्षेपेक्षा सरासरी सहा टक्क्यांनी घटली. ब्रिटनने २०१८ मध्ये १०० मिलिलिटरमागे ५ आणि ८ ग्रॅम साखर अशा दोन पायऱ्यांवर आकारणी ठेवली, तेव्हा अनेक उत्पादकांनी ती लागू होण्याआधीच साखर कमी केली. अमेरिकेत अल्प उत्पन्न गटातील माता-बालकांच्या पोषण योजनेचा शिधा २००९ मध्ये बदलून त्यात फळे, भाज्या आणि अख्खे धान्य आले. त्या योजनेतील दोन ते चार वर्षांच्या मुलांमधील लठ्ठपणा २०१० मध्ये १५.९ टक्के होता, तो २०१६ मध्ये १३.९ टक्क्यांवर आला. सगळे श्रेय शिध्याला देता येणार नाही, पण ही योजना राज्ये राबवतात आणि लाखो घरांपर्यंत पोहोचतात, हे विसरू नये. आपली मोहीम फसते आहे असे वाटले तर खर्चाचा ताळेबंद मांडावा : सांगण्यावर किती गेले आणि सोय करण्यावर किती? पहिला आकडा मोठा असेल तर दोष लोकांच्या आळसात शोधू नये.

प्रायोजक निवडतानाही सावध राहावे. एका बड्या शीतपेय कंपनीच्या पैशावर उभे राहिलेले आणि आहारापेक्षा व्यायामावर भर देणारे एक संशोधन-जाळे २०१५ मध्ये टीकेनंतर गुंडाळावे लागले. प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे आणि मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवीच. हृदयासाठी, झोपेसाठी, मनासाठी ती हवी, वजन घटो वा न घटो. पण ताटाचा विषय बाजूला सारण्यासाठी मैदानाचा वापर होत असेल, तर समितीने तो पैसा नाकारावा.

ज्यांना लठ्ठपणा आधीच जडला आहे त्यांचाही विसर पडतो. प्रतिबंधाच्या आराखड्यात समुपदेशन, औषधे आणि शस्त्रक्रिया यांपर्यंत पोहोचण्याची वाट नसेल, तर ही मोहीम आपल्यासाठी नाही असा त्यांचा समज होतो.

शेवटची चूक निधीची मुदत संपते त्या दिवशी घडते : काम पुढे कोणी चालवायचे हे ठरलेलेच नसते. याउलट उदाहरणही आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सोमरव्हिल या शहरात २००२ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाने पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी एक प्रकल्प सुरू केला. शाळेचे स्वयंपाकघर, चालत जाण्याचे रस्ते, घर आणि उपाहारगृहे अशा सर्व ठिकाणी छोटे बदल करून मुलांनी खाल्लेल्या आणि खर्चलेल्या ऊर्जेचा हिशेब दिवसाला सुमारे १२५ किलोकॅलरींनी खर्चाच्या बाजूला झुकवायचा, इतकेच माफक उद्दिष्ट ठेवले होते. पहिल्या वर्षातच तेथील मुलांची वजनवाढ तुलनेसाठी घेतलेल्या शहरांपेक्षा कमी राहिली. संशोधनाचा टप्पा संपल्यावर शहराने हे काम आपल्या आरोग्य विभागात सामावून घेतले.