‘पॅसिफिक रिम’चा दुसरा भाग कुठे फसला, ते घरबसल्या कसं तपासायचं

‘पॅसिफिक रिम’ म्हणजे येगर नावाचे महाकाय यंत्रमानव आणि कायजू नावाचे राक्षसी प्राणी यांची झुंज. त्याचा दुसरा भाग ‘अपरायझिंग’ पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही, यावर बहुतेक चाहत्यांचं एकमत आहे. का, असं विचारलं की मात्र प्रत्येकाचं कारण वेगळं. कुणी म्हणतं पहिल्याचा गिलेर्मो डेल टोरो या वेळी दिग्दर्शक नव्हता, कुणी म्हणतं पहिल्या भागातला नायक पायलट राली गायब केला, त्याची जोडीदार माकोला फुकट मारलं. सगळ्यात जास्त शिव्या बसतात त्या दिवसाउजेडीच्या मारामारीला. आमच्या मते उजेडावर हा उगाच आळ आहे. खरी गडबड वजनाची आहे, आणि ती स्टॉपवॉच लावून पकडता येते.

दोन्ही भाग (२०१३ आणि २०१८) लागोपाठच्या दोन रात्री बघा, एकाच दिवशी नको. दुसरा १११ मिनिटांचाच आहे, पण सव्वादोन तासांच्या पहिल्यानंतर लगेच लावलात तर थकव्याचा राग त्याच्यावर निघेल. कागद, पेन्सिल आणि फोनवरचं स्टॉपवॉच एवढं पुरे.

आधी टीव्ही सरळ करा

मोशन स्मूदिंग बंद करा. सॅमसंगवर त्याला ऑटो मोशन प्लस म्हणतात, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतो आणि अडीचशे फुटी यंत्रमानव खेळण्यासारखा सरसर सरकू लागतो. ही चूक ठेवून तुलना केली तर दोन्ही भाग सारखेच हलके दिसतात. पहिला भाग बराचसा रात्री, पावसात घडतो. तेव्हा टीव्हीचा ब्राइटनेस चढवू नका, काळा रंग राखाडी होतो; खोलीतले दिवे घालवा. स्ट्रीमिंग कमी दर्जावर असेल तर अंधारात चौकोनी ठिगळं दिसतात, म्हणून शक्य असेल तर ब्लू-रे किंवा सर्वांत वरचा दर्जा.

पाऊल मोजा

पहिल्या भागातल्या जिप्सी डेंजर या येगरची उंची ७९ मीटर, माणसाची पावणेदोन धरा. म्हणजे येगर साधारण ४५ पट उंच. गुरुत्वाकर्षण दोघांनाही तेच, त्यामुळे पडायला, डोलायला, पाय टाकायला लागणारा वेळ वाढतो तो ४५ च्या वर्गमुळाने, म्हणजे पावणेसात पटीने. माणसाचं पाऊल अर्ध्या सेकंदात पडतं. जिप्सीला जवळजवळ साडेतीन सेकंद हवेत. १९५४ च्या ‘गोजिरा’त सूट घातलेल्या माणसाचं चित्रण कॅमेरा जलद फिरवून केलं ते याच गणितामुळे. पडद्यावर ते संथ होतं, आणि संथ झालं की जड वाटतं.

दोन्ही भागांतल्या प्रत्येकी दहा पावलांचा वेळ घ्या. पाय उचलल्यापासून टेकेपर्यंत मोजा, मध्ये कट आला तर ते पाऊल सोडून द्या. साडेतीन सेकंद कुठेच भरणार नाहीत, थोडी लबाडी दोघांनीही केली आहे. बघायचं ते एवढंच की कोण किती करतो. स्लो मोशनचे शॉट मात्र मोजू नका, नाहीतर दुसऱ्या भागाला आयते गुण मिळतील.

कॅमेरा कुठे उभा आहे?

प्रत्येक मोठ्या शॉटला थांबवून विचारा: इथे माणूस कॅमेरा घेऊन उभा राहू शकला असता का? गच्चीवर, हेलिकॉप्टरमध्ये, बोटीवर? कागदावर हो-नाही अशा खुणा करत जा. कॅमेरा येगरच्या खांद्याभोवती घिरट्या घालू लागला की तो आपल्याच उंचीचा वाटतो.

मग शेजारच्या वस्तू बघा. पहिल्या भागात हाँगकाँगच्या लढाईत जिप्सीची मूठ एका ऑफिसात घुसते आणि टेबलावरच्या, दोऱ्यांना टांगलेल्या न्यूटनच्या गोळ्यांना हलकाच धक्का देऊन थांबते. गोळे टकटक करत राहतात. डोंगराएवढी पोलादी मूठ आणि बोटाच्या पेराएवढा गोळा एकाच चौकटीत आले की आकार सांगायला संवाद लागत नाही. पावसाचंही तेच काम. थेंब काही येगरबरोबर मोठा होत नाही, म्हणून अंगावरून ओघळणारं पाणी मोजपट्टी होतं. दुसऱ्या भागात टोकियोत ग्रॅव्हिटी स्लिंग या ओढून घेणाऱ्या शस्त्राने अख्ख्या इमारती खेचून कायजूवर आपटतात. इमारती भरपूर, पण आत टेबल नाही, खुर्ची नाही, कुणी नाही. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांसारख्या वाटतात. उजेड असूनही शहर जिवंत ठेवता आलं असतं.

दोन पडझडी शेजारीशेजारी लावा

हे जमलं तर बाकीचं नाही केलं तरी चालेल. पहिल्या भागात ओटाची नावाचा कायजू जिप्सीला उचलून आकाशात नेतो, तलवार निघते, आणि जिप्सी खाली कोसळत एका स्टेडियममध्ये उतरते. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्या भागातली नवी येगर जिप्सी अॅव्हेंजर फुजी पर्वताच्या दिशेने निघालेल्या मेगा-कायजूवर वातावरणाच्या कडेवरून पडते. दोन्ही प्रसंग लागोपाठ बघा आणि पडताना पायलटांचे चेहरे, यंत्राचा आवाज, जमिनीवर आदळल्यानंतरची शांतता यांवर लक्ष ठेवा. आवाज टीव्हीच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचा घुमार गेला की निम्मं वजन तिथेच जातं. हेडफोन चालतील.

सावलीची चाचणी

दुसऱ्या रात्रीनंतर एक दिवस जाऊ द्या. मग फोन न बघता येगरांच्या नुसत्या बाह्यरेषा काढा. तीन हातांची क्रिमझन टायफून आणि पिंपासारख्या डोक्याची चेर्नो अल्फा बहुतेकांना जमतात. आणि त्यांचे पायलट तर जेमतेम बोलतात, एकाच रात्रीत दोन्ही येगर बुडतातही! आता सेबर अथीना, ब्रेसर फीनिक्स, गार्डियन ब्रॅव्हो काढून बघा. इथे पेन्सिल अडते.

चर्चा करायला मित्र बसणार असतील तर एक नियम घाला: ‘डेल टोरो असता तर’ हे वाक्य बंद. तो निर्माता म्हणून होताच, दिग्दर्शन स्टीव्हन एस. डीनाइटकडे होतं आणि तो त्याचा पहिला चित्रपट. नावं घेऊन वाद संपत नाही, शॉट दाखवून संपतो. कमाईचे आकडेही पुरावा धरू नका. पहिल्याने जगभरात सुमारे ४१ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्याने सुमारे २९. पण पहिलाही अमेरिकेपेक्षा चीनमध्ये जास्त चालला होता, म्हणजे तिकडच्या प्रेक्षकाने तो उचलून धरला.

दुसऱ्या भागाच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठळक लिहून ठेवा. पहिल्या भागातला शास्त्रज्ञ न्यूट दुसऱ्यात माणसांवर उलटतो हे अनेकांना ओढूनताणून आणलेलं वाटतं. त्यांना पहिल्या भागातला, तो कायजूच्या मेंदूशी ड्रिफ्ट करतो, म्हणजे आपला मेंदू जोडतो, तो प्रसंग परत दाखवा. ड्रिफ्ट दोन्ही बाजूंनी चालतो, कायजूही त्याच्या डोक्यात शिरतात, हे त्याच भागात सांगितलं आहे. दुसऱ्या भागात त्याच्या घरी टाकीत ठेवलेला कायजूचा मेंदू, ‘अॅलिस’, हा त्याच धाग्याचा पुढचा टप्पा आहे.